डेटाबेसमधील माहितीपासून आलेखनिर्मिती : महाराष्ट्रातील बाल लिंगगुणोत्तराच्या आधारे एक विवेचन

सारांश

डेटाबेसमध्ये साठविलेल्या सांख्यिकीय माहितीपासून आलेख तयार करणे हे आज संगणकाच्या साहाय्याने काही क्षणांचे काम झाले आहे. तथापि आलेख काढणे सोपे झाले म्हणून योग्य आलेख काढणे सोपे झाले, असे म्हणता येत नाही. आलेखाचा खरेखोटेपणा बहुतांशी चित्र उमटण्यापूर्वीच, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या टप्प्यावर ठरतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील १९९१, २००१ व २०११ या तीन जनगणनांतील लिंगगुणोत्तराचे उदाहरण घेऊन या प्रक्रियेतील टप्प्यांचे व त्या टप्प्यांवर संभवणाऱ्या चुकांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, पृच्छा, आलेख, जनगणना, बाल लिंगगुणोत्तर

१. प्रस्तावना

संख्यांची मांडणी चित्ररूपाने करण्याची आधुनिक परंपरा सुमारे सव्वादोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे रेषालेख दिले आणि १८०१ मधील ग्रंथात वृत्तालेखाचा वापर केला. डेटाबेस ही संकल्पना त्या मानाने अगदी अलीकडची होय. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधिष्ठित डेटाबेसची सैद्धांतिक मांडणी केली आणि त्या पायावर पुढे एसक्यूएल ही पृच्छाभाषा विकसित झाली. या दोन परंपरा संगणकामुळे एकत्र आल्या. पूर्वी संशोधक हाताने तक्ते जुळवून आलेखकागदावर बिंदू मांडीत असे. त्या संथ कामात प्रत्येक आकडा त्याच्या डोळ्यांखालून जात असे. आता हजारो नोंदींचा आलेख क्षणात पडद्यावर उमटतो आणि त्यातील एकही नोंद संशोधकाने प्रत्यक्ष पाहिलेली नसते.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रक्रियेशी दररोजचा संबंध येतो. पीएच.डी. प्रबंध, लघुसंशोधन प्रकल्प, परिषदांमधील शोधनिबंध, महाविद्यालयाचे वार्षिक गुणवत्ता अहवाल या सर्वांत आलेख असतात. अनेकदा ते निष्कर्षाची केवळ सजावट म्हणून शेवटी जोडले जातात. वस्तुतः वाचक तक्ता क्वचितच वाचतो. तो आलेख पाहतो आणि त्यावरून मत बनवितो. म्हणूनच आलेखातील चूक ही तक्त्यातील चुकीपेक्षा दूरवर पोहोचते.

हे विवेचन केवळ तात्त्विक पातळीवर राहू नये यासाठी येथे एकच विषय प्रारंभापासून अखेरपर्यंत घेतला आहे. तो म्हणजे महाराष्ट्रातील ० ते ६ वयोगटातील लिंगगुणोत्तर, अर्थात दर हजार मुलग्यांमागे असलेली मुलींची संख्या. या आकड्यांमागे जन्माला येऊ न शकलेल्या मुली आहेत. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये त्यात महत्त्वाची सुधारणा झाली. या प्रयत्नांचे फलित काय, हा प्रश्न आलेखावरूनच विचारला जातो. अशा विषयात आलेख चुकला तर धोरणाविषयीचे मतही चुकते.

२. उद्दिष्टे

१) डेटाबेसपासून आलेखापर्यंतच्या प्रक्रियेतील टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर संभवणाऱ्या चुका जनगणनेतील प्रत्यक्ष आकड्यांच्या आधारे दाखविणे.
३) महाविद्यालयीन संशोधन व प्रशासन यांत पाळावयाच्या दक्षता सुचविणे.

३. प्रक्रियेचे स्वरूप

डेटाबेसमध्ये माहिती सारण्यांच्या रूपाने साठविलेली असते. सारणीतील प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक नोंद व प्रत्येक उभा रकाना म्हणजे त्या नोंदीचा एक गुणधर्म होय. या सारण्यांना उद्देशून जो प्रश्न विचारला जातो त्याला पृच्छा अथवा क्वेरी म्हणतात. पृच्छेत साधारणतः चार कामे केली जातात : हवे ते रकाने निवडणे, हव्या त्या नोंदी गाळून घेणे, दोन सारण्या सामाईक रकान्याच्या आधारे जोडणे आणि नोंदींचे गट पाडून त्यांची बेरीज, सरासरी वा गणना काढणे. पृच्छेचे उत्तर म्हणजे एक छोटा तक्ता असतो. आलेख त्या छोट्या तक्त्याचा असतो, मूळ डेटाबेसचा नव्हे, ही बाब प्रथम लक्षात घेतली पाहिजे.

त्यानंतरचा टप्पा रेखाटनाचा. एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क यांसारख्या साधनांत किंवा आर, पायथन यांसारख्या संगणकीय भाषांत त्या तक्त्यातील कोणता रकाना क्ष-अक्षावर, कोणता य-अक्षावर आणि कोणता रंगाने वा रेषेच्या प्रकाराने दाखवावयाचा हे ठरविले जाते. साधन कोणतेही असो, पृच्छेच्या पायरीवर झालेली चूक रेखाटनाच्या पायरीवर दुरुस्त होत नाही. उलट सुबक चित्रामुळे ती झाकली जाते.

४. प्रश्न आणि रकाना

महाराष्ट्रातील लिंगगुणोत्तर सुधारत आहे की घसरत आहे, असा प्रश्न विचारला तर जनगणनेच्या सारणीत त्याचे उत्तर दोन निरनिराळ्या रकान्यांत मिळते.

तक्ता क्र. १ : महाराष्ट्रातील लिंगगुणोत्तर (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया)

जनगणना वर्ष | सर्व वयोगट | ० ते ६ वयोगट
१९९१ | ९३४ | ९४६
२००१ | ९२२ | ९१३
२०११ | ९२९ | ८९४

सर्व वयोगटांचा रकाना निवडला तर २००१ ते २०११ या काळात रेषा वर जाताना दिसते. ० ते ६ वयोगटाचा रकाना निवडला तर तीच रेषा खाली येते. दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत, दोन्ही बिनचूक आहेत. परंतु ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. सर्व वयोगटांच्या गुणोत्तरावर स्थलांतराचा व प्रौढ वयातील मृत्युमानाचा परिणाम होतो. रोजगारासाठी परप्रांतांतून येणाऱ्या पुरुषांमुळे ते कमी होते आणि स्त्रियांचे आयुर्मान वाढल्यास ते वाढते. बाल लिंगगुणोत्तरावर हे परिणाम अत्यल्प असतात. त्यात मुख्यतः जन्मापूर्वीची निवड आणि बालमृत्यू यांचे प्रतिबिंब पडते. त्यामुळे मुलींच्या जन्माविषयी बोलताना पहिला रकाना वापरणे म्हणजे आशादायक दिसणारे परंतु विषयांतर करणारे चित्र काढणे होय.

० ते ६ याचा अर्थ वयाची सात वर्षे पूर्ण न केलेली मुले असा आहे. याच वयोगटाचा आणि जन्माच्या वेळच्या लिंगगुणोत्तराचा अनेकदा घोटाळा केला जातो. जन्मनोंदणीवरून काढलेले गुणोत्तर हे एका वर्षातील जन्मांचे असते, तर जनगणनेचे बाल लिंगगुणोत्तर हे सात वर्षांत जन्मलेल्या व हयात असलेल्या मुलांचे असते. हे दोन आकडे एकाच रेषेवर क्रमाने मांडणे शास्त्रीयदृष्ट्या गैर आहे.

रकान्याइतकाच महत्त्वाचा मुद्दा आवृत्तीचा. २०११ च्या जनगणनेची हंगामी आकडेवारी प्रथम प्रसिद्ध झाली. तीत महाराष्ट्राचे बाल लिंगगुणोत्तर ८८३ होते. अंतिम आकडेवारीत ते ८९४ झाले. १९९१ ते २००१ या दशकात घसरण ३३ अंकांची होती. हंगामी आकडा घेतला तर पुढील दशकातील घसरण ३० अंकांची ठरते आणि घसरणीचा वेग जवळपास तसाच राहिला असा निष्कर्ष निघतो. अंतिम आकडा घेतला तर घसरण १९ अंकांची ठरते आणि वेग मंदावल्याचे दिसते. एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही आवृत्त्या साठविलेल्या असतील व पृच्छेत आवृत्तीची अट घातलेली नसेल, तर कोणता आकडा आलेखात आला हे आलेखकर्त्यालाही सांगता येणार नाही.

५. एकत्रीकरण : सरासरीची सरासरी

जिल्हानिहाय सारणीवरून विभागाचे किंवा राज्याचे गुणोत्तर काढताना सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची सरासरी काढणे. पृच्छाभाषेत सरासरीचे कार्य एका शब्दात होत असल्याने हा मोह सहज होतो. एका काल्पनिक उदाहरणाने ही चूक स्पष्ट होईल. समजा, ‘अ’ जिल्ह्यात १,००,००० मुलगे व ९५,००० मुली आहेत; तेथील गुणोत्तर ९५०. ‘ब’ जिल्ह्यात ५,००,००० मुलगे व ४,२५,००० मुली आहेत. तेथील गुणोत्तर ८५०. दोन गुणोत्तरांची सरासरी ९०० येते. परंतु दोन्ही जिल्ह्यांत मिळून ६,००,००० मुलगे व ५,२०,००० मुली आहेत. म्हणजे खरे गुणोत्तर सुमारे ८६७ आहे. लहान जिल्ह्याला मोठ्या जिल्ह्याइतकेच वजन मिळाल्याने ३३ अंकांचा फरक पडला. वर पाहिल्याप्रमाणे महाराष्ट्रात १९९१ ते २००१ या संपूर्ण दशकात झालेली घसरणही ३३ अंकांचीच होती. पृच्छेतील एक चूक दशकभराच्या सामाजिक बदलाएवढी मोठी असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

यास्तव नियम असा की गुणोत्तर, टक्केवारी वा दर यांची बेरीज अथवा सरासरी करू नये. अंश व छेद यांची स्वतंत्र बेरीज करून शेवटी भागाकार करावा. त्यासाठी डेटाबेसमध्ये केवळ गुणोत्तर न साठविता मुलगे व मुली यांच्या मूळ संख्या साठविणे आवश्यक ठरते.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. जनगणनेच्या प्राथमिक सारांश सारण्यांत राज्य, जिल्हा अशा विविध पातळ्यांच्या नोंदी एकाखाली एक असतात आणि प्रत्येक पातळीवर एकूण, ग्रामीण व नागरी अशा तीन ओळी असतात. ग्रामीण व नागरी मिळून एकूण होत असल्याने तिन्ही ओळींची बेरीज केली तर लोकसंख्या दुप्पट होते. त्यात राज्य व जिल्हा या दोन्ही पातळ्या मिसळल्या तर ती चौपट होते. गंमत अशी की गुणोत्तरावर या चुकीचा काहीच परिणाम होत नाही, कारण अंश व छेद दोन्ही सारख्याच पटीने वाढतात. गुणोत्तराचा आलेख अगदी बरोबर दिसतो, आणि त्याच पृच्छेवरून पुढे मुलींच्या संख्येचा आलेख काढला की चूक उघडी पडते. म्हणून गुणोत्तराचा आलेख काढतानाही मूळ संख्यांची बेरीज प्रसिद्ध एकूण संख्येशी ताडून पाहणे हिताचे असते.

६. जोडणी : नावे, सीमा आणि लिपी

दोन जनगणनांची तुलना करावयाची तर दोन सारण्या जोडाव्या लागतात. जोडणीसाठी जिल्ह्याचे नाव वापरणे स्वाभाविक वाटते. परंतु नाव हा अत्यंत बेभरवशाचा दुवा आहे. रोमन लिपीत बीड जिल्ह्याचे लेखन निरनिराळ्या सारण्यांत दोन प्रकारे आढळते. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे २०२३ मध्ये अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. जुनी व नवी सारणी नावावरून जोडली तर हे जिल्हे जुळत नाहीत आणि जोडणीच्या नेहमीच्या प्रकारात न जुळलेल्या नोंदी कोणतीही सूचना न देता गळून पडतात. पस्तीस जिल्ह्यांच्या आलेखात तेहतीसच स्तंभ उमटले तर ते मोजून पाहणारा वाचक विरळाच.

मराठी माहितीच्या बाबतीत लिपीचाही प्रश्न आहे. अनेक संस्थांतील जुन्या नोंदी युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या आहेत. पडद्यावर ‘कोल्हापूर’ असेच दिसत असले तरी संगणकाच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची मालिका असते. युनिकोडमधील ‘कोल्हापूर’शी ती कधीच जुळत नाही. अशा नोंदी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे अपरिहार्य आहे. जोडणीसाठी नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरणे हा उत्तम मार्ग होय. मात्र जनगणनेतील जिल्ह्यांचे क्रमांकही बदलतात. २०११ मध्ये जिल्ह्यांना देशभर सलग क्रमांक देण्यात आले. त्यामुळे जुना क्रमांक, नवा क्रमांक, जुने नाव व नवे नाव असे रकाने असलेली एक स्वतंत्र दुवा-सारणी तयार करून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न सीमाबदलाचा आहे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार व अकोल्यातून वाशीम हे जिल्हे वेगळे झाले. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली व भंडाऱ्यातून गोंदिया वेगळे झाले. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला. नाव व क्रमांक जुळले तरी १९९१ चा धुळे आणि २००१ चा धुळे हे एकच भौगोलिक क्षेत्र नव्हे. आदिवासीबहुल नंदुरबार वेगळा झाल्यानंतर उरलेल्या धुळ्याचे गुणोत्तर बदलले तर त्यातील किती भाग सामाजिक बदलाचा व किती भाग केवळ सीमाबदलाचा, हे रेषेवरून कळत नाही. अशा वेळी धुळे व नंदुरबार यांची २००१ व २०११ ची संख्या एकत्र करून जुन्या सीमेनुसार तुलना करावी, अथवा रेषा तोडून तशी टीप द्यावी.

७. रिक्त नोंद आणि कालाक्ष

डेटाबेसमध्ये शून्य व रिक्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजले आणि काही आढळले नाही. रिक्त म्हणजे मोजलेच नाही. रेखाटनाच्या साधनांत रिक्त नोंद कधी शून्य समजली जाते, कधी वगळली जाते, तर कधी तिच्या आजूबाजूचे बिंदू सरळ रेषेने जोडले जातात. या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

भारतीय जनगणनेच्या बाबतीत हा प्रश्न आज प्रत्यक्षात उभा आहे. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना कोविड साथीमुळे पुढे ढकलली गेली. जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार महाराष्ट्रासह देशाच्या बहुतांश भागासाठी नव्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा निश्चित करण्यात आला. त्यामुळे १९९१, २००१, २०११ आणि २०२७ असा क्रम तयार होतो. त्यातील पहिली दोन अंतरे दहा वर्षांची आणि शेवटचे सोळा वर्षांचे आहे. एक्सेलसारख्या साधनात वर्षांना नुसती नावे मानून रेषालेख काढला, तर चारही बिंदू समान अंतरावर मांडले जातात. सोळा वर्षांत झालेला बदल दहा वर्षांत झाल्यासारखा दिसतो आणि त्याचा उतार वा चढ प्रत्यक्षापेक्षा तीव्र होतो. यासाठी वर्षाचा रकाना मजकूर म्हणून न ठेवता संख्या वा दिनांक म्हणून ठेवावा व कालाक्ष प्रमाणबद्ध असलेला आलेखप्रकार निवडावा. २०२१ ची जागा रिकामी ठेवावी. तेथे अंदाजित आकडा घालावयाचा असल्यास तो तुटक रेषेने व स्पष्ट उल्लेखासह दाखवावा.

८. आलेखप्रकार आणि मूळरेषा

पृच्छेचे उत्तर बिनचूक मिळाल्यानंतर रूपाचा विचार येतो. विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार मानवी दृष्टी समान मापपट्टीवरील स्थान सर्वाधिक अचूकपणे वाचते. लांबी, कोन व क्षेत्रफळ यांच्या बाबतीत अचूकता क्रमाने कमी होत जाते. या कसोटीवर वृत्तालेख मागे पडतो. शिवाय वृत्तालेख हा एका संपूर्णाचे भाग दाखविण्यासाठी असतो. जिल्ह्यांची लिंगगुणोत्तरे ही कोणत्याही संपूर्णाचे भाग नसल्याने त्यांचा वृत्तालेख अर्थशून्य ठरतो. नकाशावर रंग भरून जिल्हे दाखविण्याची पद्धत आकर्षक असली तरी तीत क्षेत्रफळ लोकसंख्येवर मात करते. २०११ मध्ये सुमारे पावणेअकरा लाख लोकसंख्या असलेला गडचिरोली नकाशाचा मोठा भाग व्यापतो आणि सुमारे ९३ लाखांचे मुंबई उपनगर ठिपक्याएवढे दिसते.

मूळरेषेचा, म्हणजे य-अक्ष कोठून सुरू करावा याचा प्रश्न या विषयात विशेष विचार करण्याजोगा आहे. बाल लिंगगुणोत्तराचा स्तंभालेख शून्यापासून काढला तर ९४६ व ८९४ हे स्तंभ जवळजवळ सारख्याच उंचीचे दिसतात, कारण त्यांतील फरक अवघा ५.५ टक्के आहे. ‘विशेष काही घडलेले नाही’ असा वाचकाचा समज होतो. याउलट अक्ष ८५० पासून सुरू केला तर स्तंभांची उंची ९६ व ४४ एकके इतकी होते आणि दुसरा स्तंभ पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी दिसतो. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये चित्रातील बदल व आकड्यांतील बदल यांच्या भागाकारास आलेखाच्या खोटेपणाचे माप मानले. त्यानुसार येथे चित्रातील घट ५४ टक्के व आकड्यांतील घट ५.५ टक्के, म्हणजे अतिशयोक्ती जवळजवळ दहापट होते. स्तंभाची लांबीच वाचली जात असल्याने स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच असला पाहिजे, हा नियम त्यामुळे योग्यच आहे.

परंतु शून्यापासून काढलेला आलेख येथे खरा असूनही फसवा आहे, हे मान्य करावे लागते. लिंगगुणोत्तराला शून्य हा अर्थपूर्ण संदर्भबिंदू नाही. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात. म्हणजे दर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. हाच या विषयाचा स्वाभाविक संदर्भबिंदू होय. बालमृत्यूमुळे ० ते ६ वयोगटात तो किंचित मागेपुढे होऊ शकतो, तरी तुलनेसाठी तो पुरेसा आहे. या पातळीपासून १९९१ मध्ये महाराष्ट्र ६ अंकांनी, २००१ मध्ये ३९ अंकांनी व २०११ मध्ये ५८ अंकांनी खाली होता. या तुटीचाच स्तंभालेख काढला तर स्तंभ शून्यापासून सुरू होतात, नियम पाळला जातो आणि वास्तवही दिसते. रेषालेख काढावयाचा झाल्यास ९५२ वर एक आडवी संदर्भरेषा आखावी. रेषालेखात लांबी नव्हे तर स्थान व उतार वाचला जात असल्याने अक्ष शून्यापासून असण्याची सक्ती तेथे नसते. ही तूट मुलींच्या संख्येत सांगावयाची तर दर एक लाख मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४,६०० मुली होत्या व २०११ मध्ये ८९,४०० उरल्या. म्हणजे दर लाखामागे ५,२०० मुली कमी झाल्या.

९. राज्याची रेषा आणि जिल्ह्यांच्या रेषा

राज्याचा एकच आकडा अनेक परस्परविरोधी प्रवाह झाकून ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्याचे बाल लिंगगुणोत्तर २००१ मध्ये ८३९ होते. ते २०११ मध्ये ८६३ झाले. बीड जिल्ह्याचे २००१ मध्ये ८९४ होते. ते २०११ मध्ये ८०७ पर्यंत खाली आले. राज्याची रेषा १९ अंकांनी उतरली, कोल्हापूरची २४ अंकांनी चढली आणि बीडची ८७ अंकांनी कोसळली. केवळ २००१ चा स्तंभालेख पाहणाऱ्याला कोल्हापूर चिंताजनक व बीड तुलनेने बरे वाटले असते; केवळ २०११ चा पाहणाऱ्याला नेमके उलट वाटले असते. दोन्ही वर्षे डाव्या व उजव्या अक्षावर मांडून प्रत्येक जिल्ह्याचे दोन बिंदू रेषेने जोडले तर या दोन रेषा एकमेकींना छेदताना दिसतात. तो छेद हाच खरा निष्कर्ष आहे.

पस्तीसही जिल्हे एकाच आलेखात दाखविताना त्यांचा क्रम वर्णानुक्रमे न ठेवता मूल्यानुसार ठेवावा. पृच्छेतच क्रमाची अट घातली तर हे काम आपोआप होते. सर्व रेषा फिकट ठेवून चर्चेत असलेल्या दोन-तीन जिल्ह्यांच्या रेषा ठळक कराव्यात. महाविद्यालयीन नियतकालिके बहुधा कृष्णधवल छापली जातात. तेव्हा रंगांवर विसंबून न राहता अखंड, तुटक व ठिपक्यांची रेषा असे भेद करावेत. रंगांधत्व असलेल्या वाचकांचीही त्यामुळे सोय होते.

१०. महाविद्यालयीन कामकाजातील उपयोजन

जनगणनेच्या उदाहरणातून निघालेले नियम महाविद्यालयाच्या स्वतःच्या डेटाबेसलाही तंतोतंत लागू पडतात. विषयवार निकालांच्या टक्केवारीची सरासरी ही महाविद्यालयाच्या निकालाची टक्केवारी नव्हे. उत्तीर्ण व परीक्षार्थी यांची स्वतंत्र बेरीज करावी लागते. परीक्षेस गैरहजर विद्यार्थ्याचे गुण रिक्त असतात. ते शून्य मानले की सरासरी अकारण खाली येते. विद्यार्थ्यांची सारणी विषयांच्या सारणीशी जोडली की सहा विषय घेतलेला विद्यार्थी सहा वेळा येतो. अशा वेळी नोंदी न मोजता वेगळे विद्यार्थी मोजावे लागतात. तसे न केल्यास मागासवर्गीय विद्यार्थी, विद्यार्थिनी वा शिष्यवृत्तीधारक यांची संख्या फुगते आणि तो फुगलेला आलेख गुणवत्ता अहवालात कायमचा नोंदला जातो.

आणखी एक दक्षता आलेख व डेटाबेस यांच्या जिवंत जोडणीविषयी. आलेख डेटाबेसशी जोडून ठेवला की नवी नोंद येताच तो बदलतो. दैनंदिन प्रशासनासाठी हे सोयीचे असले तरी प्रबंध वा शोधनिबंध यांसाठी घातक आहे, कारण छापलेला निष्कर्ष व बदललेला आलेख यांत विसंगती येते. संशोधनासाठी पृच्छेचे उत्तर दिनांकासह स्वतंत्र जतन करावे व पृच्छेचा मजकूर परिशिष्टात द्यावा.

११. निष्कर्ष

१) आलेखाची विश्वसनीयता रेखाटनापेक्षा पृच्छेवर अधिक अवलंबून असते. रकाना, आवृत्ती, पातळी व जोडणी यांची निवड हा संशोधनाचाच भाग आहे.
२) गुणोत्तरे व टक्केवारी यांचे एकत्रीकरण मूळ संख्यांवरूनच करावे आणि त्या संख्या प्रसिद्ध एकूण संख्येशी ताडून पाहाव्यात.
३) जोडणीपूर्वी व जोडणीनंतर नोंदींची संख्या मोजावी. गळालेल्या वा वाढलेल्या नोंदींचे कारण शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये.
४) रिक्त नोंद रिक्तच दाखवावी व कालाक्ष प्रमाणबद्ध ठेवावा.
५) मूळरेषा यांत्रिक नियमाने न ठरविता विषयातील अर्थपूर्ण संदर्भबिंदूचा विचार करून ठरवावी व ती आलेखावर स्पष्ट दाखवावी.
६) प्रत्येक आलेखाखाली माहितीचा स्रोत, वर्ष, आवृत्ती व छेद यांचा उल्लेख असावा.

१२. समारोप

संगणकाने आलेख काढण्याचे श्रम वाचविले. विचार करण्याचे श्रम मात्र वाचविलेले नाहीत. बाल लिंगगुणोत्तराच्या उदाहरणात हंगामी व अंतिम आकड्यातील ११ अंकांचा फरक, सरासरीच्या चुकीने पडणारा ३३ अंकांचा फरक किंवा अक्षाच्या निवडीने होणारी दहापट अतिशयोक्ती हे केवळ तांत्रिक दोष ठरत नाहीत. एखाद्या जिल्ह्यात कायद्याच्या अंमलबजावणीची निकड आहे की नाही, हे अशा आलेखांवरून ठरविले जाते. २०२७ च्या जनगणनेचे आकडे उपलब्ध होतील तेव्हा ते २०११ च्या आकड्यांशी जोडून असंख्य आलेख निघतील, आणि त्यांतील बरेचसे महाविद्यालयांतील संशोधक व विद्यार्थी काढतील. त्या वेळी विद्यार्थ्याने आलेख समोर ठेवला की त्याला त्यामागील पृच्छाही दाखविण्यास सांगणे, हा अध्यापनाचाच एक भाग मानला जावा.